सिमको तलावावर बर्फातली मासेमारी: आधी बर्फ मोजा

टोरांटोच्या उत्तरेला, तासाभराच्या अंतरावर असलेल्या सिमको तलावावर पहिल्यांदा जाणार असाल, तर गळाआधी बर्फाला भोक पाडायचं गिरमिट हातात घ्या आणि भोकातून बर्फाची जाडी मोजा. चालण्यासाठी निदान 10 सेंटिमीटर जाडीचा, काचेसारखा निळसर बर्फ हवा. पांढरा, दुधाळ बर्फ त्याच्या निम्माच मजबूत असतो, म्हणून तिथे दुप्पट जाडी धरा. एका भोकावर भरवसा ठेवू नका. थोडं पुढे गेलं की पुन्हा मोजा, कारण ओढ्याच्या मुखाशी बर्फ फसवा असतो. पाण्यात पडलात तर बर्फात रुतवून स्वतःला बाहेर ओढायच्या टोच्यांची जोडी गळ्यातच हवी. पाण्यात पडल्यावर बॅग उघडता येत नाही.

आता मासे. हिवाळ्यात तळाचं पाणी 4 अंशांच्या आसपास, म्हणजे वरच्यापेक्षा उबदार असतं. पर्च हा छोटा मासा तिथेच थव्याने फिरतो आणि उजेडातच खातो. बारीक गळ तळाला टेकवून वीतभर वर घ्या, हलकेच हलवा, मग स्थिर धरा. पंधरा मिनिटांत ओढ लागली नाही तर भोक बदला. लेक ट्राउट खोल पाण्यात सापडतो; त्याला मोठं, चकाकतं आमिष लागतं.

मासेमारीचा परवाना मात्र आधीच काढा.