बाटलीवर आठ मोलर, आत भलतंच: निकेल-मेटल हायड्राइड सेल करताना या चुका टाळा

मे महिन्यात दोन एमएस्सीचे विद्यार्थी आलेख घेऊन आले. निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये भरायच्या द्रावणाच्या, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाच बाटल्या, चार ते आठ मोलर (मोलर म्हणजे संहतीचं माप, एका लिटरमध्ये किती मोल पदार्थ), आणि वाहकता, म्हणजे द्रावणातून वीज किती सहज वाहते ती, शेवटपर्यंत चढतच गेलेली. "सर, आठ मोलर बेस्ट," हा निष्कर्षही टाइप करून तयार. खरं तर २५ अंश सेल्सिअसला ही वाहकता सहा-सात मोलरच्या आसपास शिखर गाठते आणि मग उतरते, कारण द्रावण दाट होतं आणि आयनांना सरकणं जड जातं. मग यांचा उतार गेला कुठे?

पहिला घोटाळा वजनकाट्यावरचा. बाजारात मिळणाऱ्या गोळ्या साधारण ८५ टक्केच शुद्ध असतात, उरलेलं बहुतेक पाणी. एक लिटर सहा मोलरला हिशेबाने ३३७ ग्रॅम लागतात, पण या गोळ्या घ्यायच्या तर जवळपास ३९६. पोरांनी लेबल न वाचता वजन केलं होतं, म्हणजे त्यांचं 'आठ मोलर' प्रत्यक्षात ६.८. उतार सुरू व्हायच्या आधीच त्यांच्या बाटल्या संपल्या!

दुसरा घोटाळा सोलापूरचाच म्हणायला हवा. लॅबला एसी नाही. चार मोलर मोजलं सकाळी आठला, आठ मोलर दुपारी तीनला, पारा चाळिशीपार असताना. तापमान वाढलं की वाहकता आपोआप वाढते, त्यामुळे निम्मा चढ उन्हाचा होता. सगळ्या बाटल्या एकाच वॉटर बाथमध्ये ठेवा, एकाच तापमानाला मोजा आणि क्रमही उलटसुलट करा. मीटरच्या टेम्परेचर करेक्शनवर विसंबू नका, ते पातळ द्रावणांसाठी बेतलेलं असतं.

मोलर आणि टक्के यांची सरमिसळही नेहमीची. वजनाने ३० टक्के म्हणजे सुमारे ६.९ मोलर, सहा नव्हे. आणि गोळ्या विरघळताना द्रावण चांगलंच तापतं. गार होऊ द्या, मगच खुणेपर्यंत पाणी भरा. गोळ्या पाण्यात टाकायच्या, उलट नाही. गॉगल आणि हातमोजे घालायचे, ॲल्युमिनियमचं भांडं तर अजिबात नको, त्यातून हायड्रोजन सुटतो.

साठवण काचेत करू नका, प्लास्टिकची घट्ट झाकणाची बाटली घ्या. झाकण सैल राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट तयार होतं आणि वाहकता घसरते. शंका आली तर आधी फिनॉल्फ्थॅलीन आणि मग मिथाइल ऑरेंज वापरून टायट्रेशन करा. दोन्ही वाचनांमधल्या फरकावरून कार्बोनेट कळतं. खरी संहती कळायलाही टायट्रेशनच हवं.

बरं, वाहकतेचं शिखर सापडलं म्हणून सेलसाठी तेच उत्तम, असंही नाही. संहती फार वाढवली की निगेटिव्ह इलेक्ट्रोडमधल्या हायड्रोजन धरणाऱ्या मिश्रधातूची झीज वाढते, आणि निकेलच्या इलेक्ट्रोडवर फुगणारी गॅमा अवस्था जास्त बनते. म्हणून एकदोन चार्ज-डिस्चार्जवर निकाल देऊ नका, निदान शेकडा तरी फेऱ्या चालवा. उन्हाळ्यात चार्जिंगची कार्यक्षमता पडत असेल तर फक्त पोटॅशियमची मात्रा हलवून फारसं भागत नाही. थोडं लिथियम हायड्रॉक्साइड घातलं की पॉझिटिव्ह, म्हणजे निकेलच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिजन लवकर सुटणं आवरतं.

द्रावण किती भरायचं, हा प्रश्न तर संहतीइतकाच मोठा. सीलबंद सेल जाणूनबुजून थोडा 'कोरडा' ठेवतात, म्हणजे चार्जिंगच्या शेवटी सुटलेला ऑक्सिजन सेपरेटरमधून (दोन इलेक्ट्रोडमधल्या सच्छिद्र पडद्यातून) पलीकडे जाऊन निगेटिव्ह इलेक्ट्रोडवर जिरतो. काठोकाठ भरला की ती वाट बुजते, दाब वाढतो आणि व्हॉल्व्हमधून द्रावण बाहेर येतं. उलट बाजूने, जुन्या सेलमधलं पाणी मिश्रधातू गंजण्यात खर्च होतं, सेपरेटर सुकतो आणि इंटर्नल रेझिस्टन्स वाढतो.

म्हणूनच कुणीतरी दरवर्षी विचारतं, मेलेल्या पेन्सिल सेलला भोक पाडून सिरिंजने डिस्टिल्ड वॉटर सोडलं तर? नको. आतली मिश्रधातूची पावडर हवा लागली की तापते, प्रसंगी पेटतेही, आणि गंजलेला मिश्रधातू पाण्याने पूर्ववत होत नाही.