रात्री तीन-चारदा लघवीला उठता? गोळ्या घेताना या चुका टाळा

पहिली चूक व्याह्यांच्या स्ट्रिपची. व्याह्यांना टॅम्सुलोसिन या प्रोस्टेटच्या गोळीनं गुण आला म्हणून त्यांची रिकामी स्ट्रिप खिशात घालून माणूस सांगलीत माझ्या मेडिकलवर येतो, गर्दी ओसरेपर्यंत उगाच टूथपेस्ट बघत उभा राहतो आणि मग हळूच म्हणतो, "ही द्या." चिठ्ठीशिवाय मी देत नाही. लोकांना राग येतो, येऊ दे.

टॅम्सुलोसिन प्रोस्टेटचे (पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालची गाठ) आणि त्या पिशवीच्या तोंडाचे स्नायू सैल करतं, त्यामुळं धार मोकळी होते. पण रात्री शरीर मुळात लघवीच जास्त तयार करत असेल तर नुसती वाट मोकळी करून काय होणार? कुणाची शुगर वाढलेली असते. दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं, ते मूत्रपिंडं रात्रीच बाहेर काढतात. घोरताना श्वास अडकणाऱ्यांनाही रात्री लघवी जास्त होते. साठीच्या पुढं सगळं प्रोस्टेटवर ढकलायची आपल्याकडं सवयच आहे.

म्हणून माझा हट्ट एकच: आधी तीन दिवस वही लिहा. काय प्यायलात, किती वाजता. लघवी किती झाली, किती वाजता. मापाला घरातलं जुनं प्लास्टिकचं भांडं घ्या आणि ते वेगळंच ठेवा. द्राक्षबागेच्या फवारणीचं माप नको, हे इकडं सांगावं लागतं. झोपल्यानंतरची सगळी लघवी आणि उठल्यावरची पहिली, ही रात्रीची धरायची. चोवीस तासांत 1800 मिली झाली आणि त्यातली 800 रात्रीची असेल, तर ती एक तृतीयांशाहून जास्त झाली. उतारवयात हे प्रमाण जास्तच धरतात, आणि मग डॉक्टरांचा विचार वेगळ्या दिशेनं जातो. रात्रीच्या लायटीला उसाला पाणी पाजायला जाणाऱ्यांनी घड्याळ बघू नये. तुम्ही झोपता ती तुमची रात्र. आणि मोटार चालू असेपर्यंत थर्मासमधला चहा संपवत बसलात, तर त्यावर माझ्याकडं गोळी नाही.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: सर्दीची गोळी. तासगावकडचे एक आबा, टॅम्सुलोसिन व्यवस्थित चालू होतं. डिसेंबरात पहाटे बागेत जाऊन सर्दी झाली, म्हणून किराणा दुकानातून गोळ्या आणल्या, सकाळ-दुपार-संध्याकाळ घेतल्या. रात्री लघवी बंद. कुणीतरी सांगितलं, भरपूर पाणी प्या म्हणजे जोर येईल. ते प्यायले. पहाटेपर्यंत ओटीपोट टणक, माणूस घामाघूम; मिरजेला नेऊन नळी घातली तेव्हा कुठं सुटका झाली. दुसऱ्या दिवशी मुलगा माझ्याकडं हजर. "आबांची प्रोस्टेटची गोळी परत घ्या, तिच्यानंच तुंबली." मी म्हटलं, सर्दीची स्ट्रिप दाखव. त्यात क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन. पहिलं लघवीच्या पिशवीचं आकुंचन ढिलं करतं, दुसरं तिचं तोंड आवळतं. कामाची गोळी परत द्यायला आला होता आणि जिनं घात केला ती खिशातच होती!

प्रोस्टेटचा त्रास असेल तर सर्दीची गोळी घेण्याआधी तसं बोलून दाखवा. आणि लघवी पूर्ण अडली, तर पाणी पिऊन जोर आणायच्या फंदात पडू नका. तडक दवाखाना गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

तिसरी चूक वेळेची. फ्युरोसेमाइडसारखी पाण्याची (अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी) गोळी संध्याकाळी घेतली की रात्र संडास-बाथरूमच्या वाटेवरच जाते. बीपीच्या काही जोडगोळ्यांत पाण्याचं औषध मिसळलेलं असतं, ते नावावरून कळतही नाही. बीपीच्याच अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या पायाला सूज येते, आणि पायातलं ते पाणी रात्री लघवीवाटे निघतं. शुगरवरचं डॅपाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटेच काढतं, म्हणजे लघवी वाढणारच. मनानं बंद करू नका. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता आणि वेळा बदलून घ्या.

बाकीच्या चुका थोडक्यात. टॅम्सुलोसिनची कॅप्सूल फोडून किंवा उपाशीपोटी घेऊ नका. रोज ठरावीक जेवणानंतर घ्या. सुरुवातीला चक्कर येते, तेव्हा रात्री उठताना आधी कॉटच्या कडेला बसा. सिल्डेनाफिल (लिंगाच्या ताठरतेची गोळी) घेत असाल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा, दोन्हींनी बीपी उतरतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅम्सुलोसिनचं नाव सांगाच. आधी कधी घेतलं असेल तरी सांगा, कारण ऑपरेशनच्या वेळी बुबुळ सैल पडतं.

फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड प्रोस्टेट आकसवतात, पण पूर्ण गुण यायला सहा महिने लागतात. पंधरा दिवसांत "काय फरक नाही ओ" म्हणत येणाऱ्यांशी मी वाद घालायचा सोडला आहे. या गोळ्यांनी पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) जवळपास निम्मं दिसतं, तेव्हा रिपोर्ट बघणाऱ्याला गोळीचं नाव माहीत हवं.

आणि डेस्मोप्रेसिन. "लघवी कमी करणारी गोळी" असं कुणाकडून तरी ऐकून येतात. ती रात्रीची लघवी खरंच कमी करते, पण रक्तातलं सोडियम धोकादायक उतरवू शकते, पासष्टीच्या पुढं जास्तच. सुरू करण्याआधी सोडियम तपासायचं, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. गोळीच्या आधी तासभर आणि नंतर आठ तास पाणी अगदी घोटभर. एवढं सांगितलं की निम्मे लोक म्हणतात, "मग राहू दे, त्यापेक्षा उठलेलं बरं."