मिररलेस घ्यायचा की सिने कॅमेरा?

मी दादर-परळच्या हॉलमधली लग्नं शूट करतो, अधूनमधून शॉर्ट फिल्मही. नवी पोरं विचारतात, तेव्हा मी आधी उलट विचारतो: फोटोही काढून द्यायचेत का? हो म्हणालात, तर विषय संपला. हायब्रिड मिररलेस घ्या, म्हणजे फोटो-व्हिडिओ दोन्ही नीट करणारा, आत आरसा नसलेला कॅमेरा. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, नवरी हार घालायला पुढे होते. तिथे रीटेक नाही. ऑटोफोकस चेहरा धरून ठेवतो आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशन हात सावरतं.

फक्त व्हिडिओच करणार असाल, तर सिने कॅमेऱ्याचा, म्हणजे खास व्हिडिओसाठी बनवलेल्या कॅमेऱ्याचा विचार करा. ब्लॅकमॅजिक पॉकेट ६के प्रो घ्या उदाहरणाला. आत एनडी फिल्टर आहेत, म्हणजे प्रकाश कमी करणाऱ्या काचा. वरळी सी फेसवर भर दुपारी सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवायचं तर एनडी हवाच. मिररलेसवर लेन्सपुढे फिल्टर चढवत बसावं लागतं. (१/५० सोडू नका, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून १/५० वर ट्यूबलाइट फडफडत नाही.) पण ६के प्रोमध्ये सतत चालणारा ऑटोफोकस नाही, बॉडीत स्टॅबिलायझेशनही नाही. शिवाय ६के रॉ, म्हणजे कच्चं फुटेज, १२:१ इतकं दाबूनसुद्धा ३० फ्रेमला सेकंदाला सुमारे ८० एमबी खातं. १ टीबीची एसएसडी साडेतीन तासांत फुल्ल.

सोनी एफएक्स३ मधला मार्ग: गार ठेवायला पंखा आहे, ऑटोफोकस झकास, पण डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर आणि आतला एनडी दोन्ही नाहीत.

पैसे मोजण्याआधी अंधेरीतून एक दिवस भाड्याने आणा. कॅमेरा, बॅटऱ्या, एसएसडी सगळं सॅकमध्ये भरून विरार लोकलमध्ये चढून बघा, आणि रात्री फुटेज स्वतःच्या लॅपटॉपवर एडिटला टाका.