ब्रेकची तक्रार शोरूमवाला ऐकत नसेल तर हे करा

भाऊ, मागच्या पावसाळ्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढताना माझ्या गाडीचा ब्रेक पेडल स्पंजसारखा खाली जायला लागला, मागे पोरं बसलेली, सर्व्हिसिंग होऊन आठवडाही झाला नव्हता आणि शोरूममध्ये म्हणे सगळं ओके आहे. तेव्हा शिकलो ते सांगतो.

जॉब कार्डवर, म्हणजे गाडी सर्व्हिसिंगला देताना शोरूममध्ये भरतात त्या कागदावर, तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या, "जनरल चेकअप" लिहिलं तर सही करूच नका, कारण पुढे तोच कागद कामी येतो. किलोमीटर, तारीख टाका, पेडल दाबताना व्हिडिओ काढा, बदललेला जुना पार्ट मागून घ्या. सर्व्हिस मॅनेजरला टेस्ट ड्राइव्हला सोबत बसवा, मग कंपनीला ईमेल. तोंडी बोललेलं काही उरत नाही हो.

तरी हलले नाहीत तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, जळगाव, धुळे जिथे राहता तिथेच केस टाकता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो, २ वर्षांच्या आत टाका, वकील लागतोच असं नाही.

आणि ब्रेकचाच प्रॉब्लेम असेल तर दुरुस्त होईपर्यंत ती गाडी घाटात नेऊच नका.