दादरला ‘गेट डाउन’ नव्हे, ‘गेट ऑफ’

लोकलमधून उतरायचं असेल तर ‘आय विल गेट ऑफ ॲट दादर’ म्हणा. ‘गेट डाउन’ आपल्याकडे खपून जातं, पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला त्यातून शिडीवरून, झाडावरून खाली येणं कळतं. ओरडून म्हटलंत तर तो चक्क खाली वाकेल! घोळ होतो ‘उतरणे’चं शब्दशः इंग्रजी केल्यामुळे.

ज्यात उभं राहून चालता येतं, ती लोकल, बेस्टची बस, एलिफंटाची लाँच: ‘गेट ऑन’, ‘गेट ऑफ’. वाकून शिरावं लागतं ती टॅक्सी, रिक्षा: ‘गेट इन’, ‘गेट आउट’. वाहनाचं नाव घेतलं की ‘गेट आउट ऑव्ह द टॅक्सी’. मधला ‘ऑव्ह’ हमखास गळतो. स्कूटरवर टांग टाकून बसतो, म्हणून तिथे पुन्हा ‘ऑन’ आणि ‘ऑफ’.

‘गेट’ला छोटा शब्द जोडून होणाऱ्या बाकीच्या जोड्यांना सरळ मराठी क्रियापद शोधा. ‘वी गेट बाय ऑन वन सॅलरी’ म्हणजे एका पगारात भागतं. इथे ‘गेट’ म्हणजे ‘मिळणे’ धरलंत की फसलात. आपल्या ‘लागणे’चंही तसंच: भूक लागते, ठेच लागते, निकालही लागतो.