चिरंजीवांना युरोपात धाडण्याआधी

समजा, 1639 सालच्या इंग्लंडात तुम्ही अर्ल, म्हणजे बडे सरदार, आहात आणि पोराला शाळेत ठेवण्यात आता अर्थ उरलेला नाही. बॅगा भरायची घाई नको. आधी पोरासोबत जाणारा मास्तर शोधा. त्याला फ्रेंच बोलता आलं पाहिजे, तो पक्का प्रोटेस्टंट हवा, आणि हिशेब चोख हवा, कारण पैशाची थैली त्याच्याच हाती राहणार. वय फार बघू नका. तत्त्वज्ञ थॉमस हॉब्स 1608 साली कॅव्हेंडिश घराण्यात शिकवायला लागला, तेव्हा शिष्य त्याच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान होता. पुढे त्याच शिष्याच्या मुलालाही त्यानेच युरोप दाखवला. आयर्लंडातल्या कॉर्कच्या अर्लने, म्हणजे रिचर्ड बॉइलने, आयझॅक मार्कोंब हा जिनिव्हात स्थायिक झालेला फ्रेंच माणूस निवडला. वयाने मोठ्या दोन मुलांना तो आधी फिरवून आणलेला होता, म्हणजे माणूस पारखलेला.

मग राजाचा परवाना. त्याशिवाय बोटीत पाय ठेवता येत नाही. परवान्यावर बऱ्याचदा रोमला जायची मनाई असते, कारण धास्ती जेझुइटांची, म्हणजे कॅथलिक धर्मप्रसारकांची. पोरं तरी जातातच, पण ते तुम्ही कागदावर मागू नका.

कपडे मोजकेच द्या, पॅरिसचा शिंपी तसेही जुने फेकायला लावणार. घोडेस्वारी, तलवार आणि नाच शिकवणाऱ्या अकादमीची फी मात्र वेगळी काढून ठेवा. शुद्ध फ्रेंचसाठी ल्वार नदीकाठची गावं बरी, पॅरिसमध्ये आपलेच इंग्रज भेटतात. इटलीत शिरताना ‘आम्ही प्लेगच्या गावाहून आलेलो नाही’ असा आरोग्याचा दाखला लागतो. नसेल तर वेशीबाहेर मुक्काम. रोजनिशी आणि घरी नियमित पत्र, हे मास्तराला बजावून सांगा.

लग्न उरकून पाठवायचं का, हे घराघरावर आहे. बॉइलांच्या फ्रान्सिसचं लग्न राजासमोर लागलं आणि आठवडाभरात त्याला बारा वर्षांच्या धाकट्या रॉबर्टबरोबर फ्रान्सला रवाना केलं. नवरी इथेच.

सगळ्यात जपायचं ते पैशाचं. रोकड वाटेत लुटली जाते, म्हणून हुंड्या. त्या कुठल्या शहरात कोणत्या सावकाराकडे वटतील ते आधी पक्कं करा. पण हुंडीमागे तुमची जमीन असते, हेही ध्यानात असू द्या. 1641 मध्ये आयर्लंडात बंड पेटलं आणि कॉर्कच्या अर्लची जमिनीची वसुली बुडाली. मुलं इटली उरकून मार्सेयला परतली, तर तिथे वडिलांचं पत्र: मोठ्या मुश्किलीने 250 पौंड पाठवतोय. ते पौंड पोचलेच नाहीत. फ्रान्सिस कसाबसा लढाईवर परतला. रॉबर्टला मार्कोंबने जिनिव्हात दोन वर्षं स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, आणि 1644 साली स्वतःची पत वापरून उधारीने दागिने मिळवून दिले. ते विकत विकत पोरगा इंग्लंडला पोचला.