ऑफिसचा फोन इंटरनेटवर नेताय? या चुका टाळा

काळबादेवीच्या पेढ्यांपासून अंधेरी एमआयडीसीतल्या गाळ्यांपर्यंत तांब्याची लँडलाइन काढून इंटरनेटवरचा फोन घ्यायचा विचार बरेच जण करताहेत. विचार चांगलाच आहे. एक्स्टेंशन वाढवायला नवी वायर ओढावी लागत नाही, आणि मालक विरार लोकलमध्ये असला तरी ऑफिसचा नंबर त्याच्या मोबाइलवर वाजतो. पण घाई केली तर गिऱ्हाइकाचा फोन लागतच नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती विजेच्या बाबतीत. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा असतो, त्यामुळे ऑफिसची वीज गेली तरी साधा फोन चालू राहतो. इंटरनेट फोनचं तसं नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईभर वीज गेली होती, तो दिवस आठवा आणि टेबलाखाली वाकून बघा: यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर आहे की राउटर, नेटवर्क स्विच आणि फायबरची तार ज्यात येते तो डबासुद्धा? फायबरवरून येणारी ‘लँडलाइन’ही त्याच डब्यावर चालते. नंबर ०२२ चा आहे म्हणून ती तांब्याची ठरत नाही. घेतानाच हे स्पष्ट विचारून घ्या.

दुसरी चूक म्हणजे आवाज तुटला की मोठा प्लॅन घेणं. एका कॉलला दोन्ही दिशांना साधारण ८० ते १०० केबीपीएस, म्हणजे फार तर ०.१ एमबीपीएस, पुरतात. बहुतेक वेळा कोणीतरी मोठी फाइल अपलोड करत असतं आणि कॉल तिच्यामागे अडकतो. राउटरमधल्या ‘क्यूओएस’ सेटिंगमध्ये फोनला प्राधान्य द्या. आवाज एकाच बाजूला जात असेल, किंवा कॉल दर वेळी साधारण ३२ सेकंदांनी कटत असेल, तर राउटरमधलं ‘सिप एएलजी’ (इंटरनेट कॉलच्या संदेशांत फेरफार करणारी सेटिंग) बंद करून बघा. बऱ्याचदा दोष तिथेच सापडतो.

लिफ्टचा इमर्जन्सी फोन, अलार्म आणि फॅक्स यांच्यासाठी, मिळत असेल तर, एक तांब्याची लाइन ठेवाच.

आणि जुना नंबर घाईने सरेंडर करू नका. मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी आपल्याकडे लँडलाइनला नाही. बिलबुकावर, पाटीवर, जुन्या गिऱ्हाइकांच्या डायरीत तोच नंबर आहे. नवी सोय नीट बसेपर्यंत त्यावर कॉल फॉरवर्डिंग लावा, आणि फॉरवर्ड झालेल्या कॉलचे पैसे कुणाच्या बिलात येणार ते आधीच विचारून ठेवा.